उसाच्या फडावरच्या लेकरांचा सिनेमा करायचा तर ‘सलाम बॉम्बे’चा कित्ता गिरवावा का? (चौघांची चर्चा, टोपणनावांनी)

बालाघाट
दिग्दर्शिका मीरा नायर १९५७ साली राउरकेल्यात जन्मल्या, दिल्लीत शिकल्या, तिथून हार्वर्डला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. काही माहितीपट केल्यावर १९८८ साली ‘सलाम बॉम्बे’ हा मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवरचा त्यांचा पहिला कथापट आला. फ्रान्समधल्या कान महोत्सवात पदार्पणाचा ‘कॅमेरा दोर’ पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकनही. बीडमधल्या धारूर-वडवणीच्या ऊसतोड लेकरांवर सिनेमा करू बघणारी आपली पोरं सारखा याचाच दाखला देतात. मला हे पटत नाही. बाहेरून यायचं, उघड्यावरचं लेकरू दाखवायचं आणि परदेशात टाळ्या घ्यायच्या. बाई मुंबईच्यासुद्धा नव्हत्या. ही वाट आपली नव्हे.

गोदाकाठ
उघड्यावरचं लेकरू तर कितीतरी सिनेमांत आहे, ते सगळे कुठं लक्षात राहिले? काम कसं झालं ते बघा. पटकथा सुनी तारापोरवालांची, आणि त्या मुंबईच्याच. ग्रँट रोडजवळ रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली. शंभरावर मुलं आली, त्यातली दोनेक डझन निवडली आणि नाट्यशिक्षक बॅरी जॉन यांनी त्यांच्याकडून तालीम करून घेतली.

एवढी तालीम का? तेव्हा ३५ मिमी फिल्मचा ४०० फुटी डबा ४ मिनिटं २६ सेकंदांत संपायचा. न शिकलेलं लेकरू कॅमेऱ्याकडे बघतं, हिंदी सिनेमातल्या हिरोसारखं छाती काढून बोलतं आणि तिसऱ्या टेकला कंटाळतं. हे सगळं आधीच काढून टाकावं लागतं, नाहीतर निम्मे डबे वाया. शेवट आठवा. गणपतीच्या गर्दीत रेखा या बाईचा हात सुटतो. सिनेमाचा नायक, छोटा कृष्णा, एकटा बसतो, भोवऱ्याला दोरी गुंडाळतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. शब्द एक नाही. अशी जागा दयेनं सापडत नसते, तालमीनं सापडते.

बालाघाट
तालमीचं मान्य. पण पुढं काय झालं? कृष्णाचं काम करणाऱ्या मुलाला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मोठेपणी त्यानं बंगळुरूत रिक्षा चालवली. दिग्दर्शिकेचा पुढचा सिनेमा १९९१ साली हॉलिवूडच्या डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन आला. एकाच सिनेमातून निघालेल्या दोघांच्या वाटा बघा. माझा राग यावर आहे.

अंबाजोगाई
राग रास्त आहे, पण हिशेब अर्धाच मांडलात. त्याच वर्षी, १९८८ साली, त्या सिनेमातूनच रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तो आजही काम करतो. तरी ट्रस्टनं कुणाला दुसरी भूमिका मिळत नाही, हेही खरं.

आज मात्र हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. बालकामगार कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम वाचा. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. दर ५ मुलांमागे सांभाळणारं एक जबाबदार माणूस. कमाईतले किमान २० टक्के लेकराच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आपली पोरं चुकतात ती परवानगीत. ती घ्यायची असते चित्रीकरण जिथं होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची. लेकरू बीडचं आणि फड सांगलीचा असेल, तर बीडचा कागद सांगलीत चालणार नाही.

कोयता-पाचट
फडाचं गणित ग्रँट रोडसारखं नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, लेकरं मार्च-एप्रिलला परततात. म्हणून कार्यशाळा जून ते सप्टेंबर, गावातच, शाळा सुटल्यावर. चित्रीकरण डिसेंबर-जानेवारीत.

तोडलेला ऊस पुन्हा उभा राहत नाही. आधी शेवट, मग सुरुवात असं चित्रीकरण इथं जमायचं नाही, कथेच्या क्रमानंच घ्यावं लागेल. आणि फड संपला की कोप्या (राहायच्या झोपड्या) उचलून टोळी दुसऱ्या गावाला. राहिलेला प्रसंग राहिलाच. पायाखाली पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, इतकं वाजतं की लांबचा माइक संवाद धरत नाही. लेकरांच्या कपड्यात छोटा माइक लपवा आणि नुसत्या पाचटाचा आवाज वेगळा घेऊन ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, होकार टोळीच्या मुकादमाकडून घेऊ नका. ज्यानं उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) दिली त्याच्यापुढं आई-बाप नाही कसं म्हणतील? गावात, टोळी निघायच्या आधी, आई-बापांशी वेगळं बसून बोला. नको म्हणाले तर तिथंच सोडून द्या.

गोदाकाठ
मग हा नायर यांचाच कित्ता झाला की. आधी लेकरांत जायचं, मग पटकथा, मग कॅमेरा. केजहून पुण्याला गेलेली पोरगी गावावर सिनेमा करते तेव्हा तीही बाहेरचीच ठरवणार का?

बालाघाट
ती बाहेरची नाही, पण वीस वर्षं पुण्यात राहिली की कानातली बोली पातळ होते. तालीम, हंगाम, परवानगी, सगळं घ्या. त्यावर माझ्या दोन अटी. तोडणी केलेली एक तरी बाई पटकथेला बसवा, आणि तिचं नाव आभारात नको, पटकथेच्या श्रेयात हवं. दुसरी, पहिला खेळ महोत्सवात नको. टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात, धारूरला पडदा लावा. त्या रात्री लेकरांच्या आया काय म्हणतात ते ऐका, आणि त्यांना खुपेल ते काढायला संकलनाचे आठ दिवस राखून ठेवा.