खासदारांच्या नावापुढे नुसती रेघ, मग काम मोजायचं कशावर?

म्हार्दोळकर
चवथीला मेहुणा फोंड्याहून आला होता. जेवणं आटोपल्यावर माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) बसून त्याने मोबाइल काढला आणि दक्षिण गोव्याचे खासदार कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांची हजेरी, प्रश्न, चर्चा असं सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाला, आता तुमचे बघू. आमच्या उत्तर गोव्याच्या खासदारांच्या, श्रीपादभाऊ नाईकांच्या नावापुढे हजेरीला रेघ, प्रश्नांनाही रेघ. १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आलेला माणूस, आणि पाटी कोरी? मेहुण्याला तेवढंच पुरलं. (तालुका दोघांचाही फोंडाच. पण आमचा प्रियोळ उत्तर गोव्यात जातो आणि फोंडा शहर दक्षिणेत. त्यामुळे आमच्या घरात दर निवडणुकीला दोन पार्ट्या.)
कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाहीय. आपल्या खासदाराने काय केलं हे साध्या मतदाराने तपासायचं कसं, एवढंच विचारतोय.

मिरामारची
रेघ आहे कारण ते मंत्री आहेत. मंत्र्यांना सभागृहाच्या हजेरीपटावर सही करावी लागत नाही, आणि प्रश्न मंत्र्यांना विचारायचे असतात, मंत्र्यांनी नव्हे. भाऊ २०१४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आधी आयुष, आता वीज आणि नवीकरणीय ऊर्जा. मेहुण्याला सांगा, ही दांडी नव्हे.

जुनाफायलवाला
माई बरोबर बोलल्या, पण अर्धंच. २००४ ते २०१४ भाऊ विरोधी बाकांवर होते, मंत्री नव्हते. त्या दहा वर्षांतले प्रश्न आणि भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. खासदार म्हणून तपासायचे तर तिथे तपासा.

आणि नुसते आकडे मोजू नका, बाबांनो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री उभा राहून उत्तर देतो, त्यावर उपप्रश्न येतात, पण तासाभरात जेमतेम चार-पाचच होतात. बाकी सगळं लेखी. खासदाराचा सहायक हुशार असला की प्रश्नांचा ढीग पडतो, त्यात निम्मे असे की 'गोवा' खोडून 'केरळ' लिहिलं तरी चालेल. मी प्रश्न सोडून आधी उत्तर वाचतो. 'माहिती गोळा करण्यात येत असून सभापटलावर ठेवली जाईल' असं मंत्री म्हणाले की ते सरकारी आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि पाठपुराव्याला आश्वासन समिती असते. आता आपल्या खासदाराने तोच धागा पुढच्या अधिवेशनात पुन्हा धरला का, ते बघा. धरला असेल तर माणूस कामाचा. नाहीतर प्रश्न फक्त मोजणीसाठी होता.

दुसरी जागा खासदार निधी. माझी उमर एका सरकारी कार्यालयात ह्याच फायलींत गेली म्हणून सांगतो. वर्षाला ५ कोटी, २०११-१२ पासून तेवढेच. ऐकायला मोठे, पण उत्तर गोव्यात विधानसभेचे २० मतदारसंघ, म्हणजे एकेकाच्या वाट्याला २५ लाख. दोन गल्ल्यांचे पेव्हर आणि एक शेड, संपलं. कोविडमध्ये तर एप्रिल २०२० पासून निधीच थांबवला होता, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्या काळातल्या कोनशिला कमी दिसल्या तर खासदाराला शिव्या घालू नका.

आणखी एक, पैसा खासदाराच्या हातात येत नाही. ते नुसती शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, अंदाजपत्रक खात्याचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त पत्रं यायची ती देवळाच्या आवारात सभामंडप हवा म्हणून, आणि धार्मिक स्थळाला हा निधी चालतच नाही. ते पत्र परत गेलं की गावात बोंब, 'खासदाराने नाही म्हटलं'.

सत्तरीकान्न
काका, फायली ठीक. पण म्हादई नदीच्या पाण्याचं काय? पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादईचं पाणी वळवायच्या त्यांच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या आराखड्याला मान्यताही दिली. उत्तरेचा खासदार मंत्री, म्हणजे सभागृहात सरकारला प्रश्न विचारायची सोयच नाही. नदी आमच्या उंबऱ्यावरून जाते आणि तोंड मात्र बांधलेलं. मंत्रिपदाचा मान गोव्याला, आणि तोटा कोणाला?

मिरामारची
बाय, मान म्हणजे नुसता मानच नव्हे. धारगळचं आयुर्वेद इस्पितळ आलं ना?

सत्तरीकान्न
आलं, मी नाकारत नाही. पण ते मंत्र्याचं काम. मी खासदाराचं विचारतेय.

जुनाफायलवाला
हिचा मुद्दा खरा आहे, मीही त्याच मताचा. पण गोव्याचे खासदार दोन नव्हेत, तीन. राज्यसभेतले सदानंद शेट तानावडे २०२३ पासून आहेत आणि ते मंत्री नाहीत. त्यांना प्रश्न विचारता येतात, आणि त्यांचा निधी राज्यात कुठेही लावता येतो. त्यांना आपण मत दिलेलं नसतं, आमदार देतात, म्हणून कोणी त्यांच्याकडे जात नाही. म्हादईचं निवेदन एकाच दारात टाकून गप्प बसण्यापेक्षा तिघांनाही द्या, आणि पुढच्या अधिवेशनात कोणी काय विचारलं ते बघा. मेहुण्याचे कॅप्टनसुद्धा त्यात आले. पाणी उत्तरेचं की दक्षिणेचं, असलं काय नसतं. म्हादईच्याच खोऱ्यातल्या ओपा प्रकल्पाचं पाणी दक्षिणेतले लोकही पितातच की.

म्हार्दोळकर
काका, हे मेहुण्याला वाचून दाखवणार. जाता जाता एक. आमच्या वाड्यावर बसथांब्याला शेड नाही, पावसात शाळेची पोरं आंब्याखाली उभी असतात. पत्र कसं द्यायचं?

जुनाफायलवाला
सगळ्यात आधी जागा कोणाची ते पंचायतीत बघा. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीची संस्था) निघाली तर त्यांचा ना हरकत दाखला घ्या, नाहीतर मंजुरी येऊनसुद्धा काम अडून राहतं. मग पंचायतीचा ठराव, जागेचा फोटो आणि एक पानी पत्र. एका पत्रात एकच काम. शेड, गटार आणि दिवे एकत्र मागितले की तिन्ही राहतात. दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का आणि तारीख घ्या, विसरू नका. हल्ली हा निधी ई-साक्षी पोर्टलवरून चालतो, शिफारस झाली की तिथे दिसते. नाही दिसली तर ती शिक्क्याची प्रत घेऊन परत जा.