मेडिकलमधली बुरशीची गोळी आणि विनक्रिस्टीन
एएलएलची (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) केमो चालू असलेल्या मुलाच्या तोंडात पांढरा थर किंवा अंगावर गजकर्ण दिसलं की संभाजीनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गावातल्या मेडिकलमधून बुरशीची गोळी सुरू करा, असं इथल्या चर्चेत एका ताईंनी सुचवलंय. उशीर नको हे पटतं, गोळी मात्र अजिबात नाही. आपल्याकडे गजकर्णाला सर्रास इट्राकोनाझोल ही बुरशीवरची कॅप्सूल देतात. एएलएलच्या मुलांना मिळणारं विनक्रिस्टीन हे केमोचं औषध यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतं, नेमकं तेच ही कॅप्सूल अडवते. मग विनक्रिस्टीन अंगात साचतं आणि नसांवर उतरतं: घट्ट मलावरोध, जबड्यात कळा, पाऊल लुळं पडणं, कधी सोडियम घसरून झटकेसुद्धा. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल या त्याच गटातल्या औषधांचंही तसंच. म्हणून बुरशीच्या गंभीर संसर्गात या मुलांना बऱ्याचदा मायकाफंगिन, कॅस्पोफंगिन किंवा लायपोसोमल अँफोटेरिसिन ही वेगळ्या गटांतली बुरशीवरची औषधं शिरेतून देतात.

माझ्या भाच्याची केमो चालू असताना फाइलच्या पहिल्याच पानावर आम्ही विनक्रिस्टीनची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहायचो. परभणीत कुठल्याही दवाखान्यात नेलं तरी डॉक्टरांची नजर आधी तिथे जायची. आणि हो, पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; अँटिबायोटिकवर चार दिवसांतही उतरला नाही, तर फुफ्फुसात बुरशी आहे का हे बघायला छातीच्या सीटी स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा.