आजोबांच्या वहीतलं '८-४' म्हणजे काय? नाशिकला रेस क्लब होता का?

प्रश्न – माळ्यावरचा

आजोबा 'घोड्यांत होते', एवढंच घरात बोललं जायचं. 'नाशिकच्या रेस क्लबात होते,' असं आत्या ठासून सांगते. क्लबाचा इतिहास लिहायचं मनात होतं. परवा माळा आवरताना त्यांची लांबट वही सापडली, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. ओळी अशा: 'लाल घोडी, ८-४, ६ फ., दुसरी.' 'कुमैत, ९-०, १ मैल, चौथा.' मी ८-४ म्हणजे ८ एप्रिल धरलं, पण पुढे ९-०! शून्यावा महिना कुठला? आषाढापासून दिवाळीपर्यंतच्या नोंदी 'पु.' खाली, त्यानंतरच्या 'मुं.' खाली. नाशिक एकदाच आलंय, तेही नालबंदाला दिलेल्या दीड रुपयापुरतं.

उत्तर – टांगेवाल्याचा नातू

तारीख नाही रे बाबा, वजन आहे ते. स्टोन आणि पौंड. १४ पौंडांचा एक स्टोन, म्हणजे ८-४ झाले ११६ पौंड, साडेबावन्न किलोच्या आसपास. जॉकी आणि खोगीर धरून. घोडा जितका तेज तितकं त्याच्यावर ओझं जास्त. जॉकी हलका असला की शिशाचे तुकडे घालून वजन भरायचं. ६ फ. म्हणजे फर्लांग, पाऊण मैल.

'पु.' पुणे, 'मुं.' मुंबई. पावसाळ्यात पुण्याच्या रेस, थंडीत महालक्ष्मीच्या, हा क्रम आजही तसाच आहे. घोडे हलले की सईसही, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, हलायचे. तुझे आजोबा त्यांतलेच असावेत. आत्याला जरा जपून सांग.

१९१२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात रेसकोर्सला परवाना लागू लागला. १९२५ ला वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब निघाला, १९३५ ला त्याला 'रॉयल' लागलं. जातिवंत घोडे आणि पैजेचा पैसा पुण्या-मुंबईलाच. आपल्याकडे नाशिकला माझे आजोबा जत्रेत पळवायचे तो घोडा टांग्याचाच, सोमवारी परत स्टेशनवर भाडं मारायला. बक्षीस फेटा आणि नारळ. त्याची वही कोण ठेवतो?

उत्तर – सिन्नरकर

आमच्या बाजूला घोडा आणि बैल एकाच गाडीला जुंपून पळवतात. शहरातल्यांना थट्टा वाटते, पण बैलाला घोड्याच्या चालीवर आणायला महिनोन्‌महिने लागतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद, म्हणजे आमचा घोडाही बसून. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, तोवर चुलत्यांनी घोडा विकून टाकला होता. रेसवाल्यांना ही झळ लागली नाही, हे अजून खुपतं.

माळ्यावरचा

दादा, पणजोबा ट्रामच्या तबेल्यात होते म्हणतात. ते तरी खरं असेल का?

टांगेवाल्याचा नातू

असू शकतं. मेन रोड ते नाशिकरोड स्टेशन ही ट्राम १८८९ ची, सुरुवातीला चार घोडे ओढायचे. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट या छोट्या रेल्वेवाले. गंमत म्हणजे हा रेल्वेचा माणूस स्वतः अरबी घोडे पाळायचा. बाप ट्रामच्या घोड्यांना खरारा करणारा, मुलगा रेसच्या. क्लब सोड, हे लिही.

माळ्यावरचा

आत्याला वही वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तरीच पोळ्याला कधी घरी नसायचे.'