हब मोटरच्या फेज वायरला कोणता कनेक्टर लावावा? बुलेट कनेक्टरची स्लीव्ह करपतेय

चाकवाला_सिडको
ई-सायकलच्या मागच्या चाकात 48 व्होल्ट, 500 वॅटची गिअरवाली हब मोटर, 22 अँपिअरचा कंट्रोलर, 13 एस (13 सेल एकापाठोपाठ जोडलेली) बॅटरी. फेजला, म्हणजे मोटरच्या तीन जाड वायरींना, कंट्रोलरसोबत आलेले 4 मिमीचे बुलेट कनेक्टर आहेत. मागे भाजीचे दोन क्रेट असतात. पिवळ्या फेजवरची स्लीव्ह तपकिरी पडून कडक झालीय, निळी-हिरवी ठीक आहेत. चढावर कधीकधी मोटर गचके खाते. पंक्चरला चाक काढावं लागतं, त्यामुळे वायरी कायमच्या जोडून टाकणं जमणार नाही. एक्सटी60, एक्सटी90, एमटी60 की अँडरसन? पावसाळ्यात त्र्यंबक रोडने रोजचं जाणं-येणं आहे, तेही लक्षात घ्या.

वाइंडर_सातपूर
तीनपैकी एकच करपलंय ना? मग दोष बुलेटच्या जातीचा नाही, त्या एका जोडाचा आहे. तिन्ही फेजमधून करंट सारखाच जातो. पिवळ्याचं क्रिंपिंग (वायरीवर दाबून बसवलेला जोड) ढिलं असेल किंवा बुलेटच्या पाकळ्या दबल्या असतील.

निवड करताना 22 चा आकडा धरू नका, तो बॅटरीकडचा आहे. चाक हळू फिरत असताना फेजमधला करंट त्याच्या दुप्पट-अडीचपट होतो, म्हणजे भार घेऊन सुटताना 50 च्या आसपास धरा. जोडाचा रोध 1 मिलीओहम असेल तर 50 अँपिअरला अडीच वॅट उष्णता होते, 5 मिलीओहम असेल तर साडेबारा. एवढ्याशा पितळी नळीत साडेबारा वॅट म्हणजे स्लीव्ह करपणारच. आणि एकदा तापलं की पाकळ्यांचा ताण जातो, रोध आणखी वाढतो.

एक्सटी60 आणि एक्सटी90 दोन पोलचे आहेत, ते बॅटरीला. फेजला एमटी60 घ्या: तीन पोल, 3.5 मिमीच्या पिना, उलटा बसत नाही, त्यामुळे चाक काढलं तरी फेजचा क्रम बदलत नाही. त्यातला 60 हा क्षणभराचा आकडा आहे, सलग 30 च धरा. तुमच्या कंट्रोलरला पुरतो. पुढे मोठा कंट्रोलर लावणार असाल किंवा भार घेऊन लांबलचक घाट चढायचा असेल, तर 5.5 मिमीचे सुटे बुलेट बरे.

डाग (सोल्डर) देताना समोरचा जोडीदार कनेक्टर घालून ठेवा, नाहीतर नायलॉन मऊ होऊन पिना तिरक्या होतात. डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) 60 वॅटची तरी हवी. बारीक इस्त्री जास्त वेळ टेकवावी लागते आणि प्लास्टिकची वाट लागते. रोझिन फ्लक्स वापरा, आम्लाची पेस्ट अजिबात नको, ती आतून तांबं खात राहते. वायर 12 गेज सिलिकॉन. त्याहून जाड घालून फायदा नाही, एक्सलमधून येणारी मोटरची वायरच बारीक असते.

क्रिंप_अंबड
वर सांगितलंय ते बरोबर, पण डाग दिलेल्या वायरीत एक धोका असतो. सोल्डर वायरीच्या बारीक तारांमधून वर चढतं, तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच रेषेवर तुटते. म्हणून कपाच्या (पिनेच्या मागची वाटी, जिथे वायर डाग देऊन बसते) मागे 2-3 सेंटीमीटरपर्यंत डिंकवालं हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा आणि पुढे 5 सेंटीमीटरच्या आत फ्रेमला टाय मारा.

अँडरसन 45 मला आवडतो, कारण त्यात क्रिंपिंग असतं आणि पात्या एकमेकींवर घासून साफ राहतात. पण त्याला योग्य डायचा प्लायरच हवा, साध्या पकडीने दाबलेला चालत नाही. शिवाय तो उघडा असतो, तुमच्या पावसात मागच्या चाकाजवळ नको. म्हणून माझंही मत एमटी60 कडेच.

चाकवाला_सिडको
डाग नीट बसलाय हे कळणार कसं? आणि गचके याच जोडामुळे का?

वाइंडर_सातपूर
बॅटरी काढून ठेवा. मोटरकडचा अर्धा भाग जोडून झाला की कंट्रोलरकडचा रिकामा अर्धा त्यात घाला. त्याच्या दोन कपांना डीसी सप्लायचे चिमटे लावून 10 अँपिअर सोडा, करंट वाइंडिंगमधून फिरून येईल. आता मल्टीमीटर मिलीव्होल्टवर ठेवून कपापासून मोटरच्या वायरीच्या तांब्यापर्यंत मोजा. 5 मिलीव्होल्ट म्हणजे अर्धा मिलीओहम, उत्तम. 20 दिसले तर तो डाग पुन्हा द्या. मग चिमटे बदलून तिसरी फेज. अर्ध्या मिनिटात उरका, वाइंडिंग उगाच तापवू नका. हे सगळं हीट श्रिंक चढवण्याआधी.

गचके मात्र बहुतेक हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरलीय ते कंट्रोलरला सांगणारे) बारीक वायरींच्या पांढऱ्या कनेक्टरमुळे असतील. त्यातली एखादी पिन मागे सरकते, वरून काही दिसत नाही. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. नंतर बॅटरी लावून, कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मोजा: लाल-काळ्यामध्ये 5 व्होल्टच्या आसपास, आणि चाक हाताने हळू उलट दिशेने फिरवलं की (गिअरवाल्या मोटरीत सरळ फिरवलं तर आतली मोटर फिरत नाही) पिवळा, निळा, हिरवा प्रत्येक जण आळीपाळीने 0 आणि 5 दाखवायला हवा. एखादा जागेवर अडकला तर आधी तिथली पिन बघा, मग सेन्सर. मोजताना लाल वायरीला फेजचं तांबं लागू देऊ नका, सेन्सर जागीच जातो. करपलेल्या बुलेटच्या उष्णतेने शेजारच्या हॉल वायरीचं आवरण वितळलंय का, तेही पाहा.

क्रिंप_अंबड
बॅटरीला एक्सटी90-एस लावा. 54.6 व्होल्टची भरलेली बॅटरी जोडताना कंट्रोलरचे कॅपॅसिटर एकदम करंट ओढतात, ठिणगी पडते आणि पिनांवर खड्डे पडतात. त्याच्या आतला रोध आधी टेकतो, त्यामुळे जाळ होत नाही. बसवताना मध्ये क्षणभर थांबून मग पूर्ण दाबा. बॅटरीकडे नेहमी मादी बाजू, म्हणजे उघड्या पिना कशालाही लागून शॉर्ट होणार नाहीत.

पाण्यासाठी: हॉलच्या कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. सगळे कनेक्टर चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारा फ्रेमचा दांडा) उंच बांधा आणि मोटरकडून येणाऱ्या वायरीला त्यांच्या खाली झोल ठेवा, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल, आत चढणार नाही. कनेक्टरवर इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, आत गेलेलं पाणी ती कोंडून ठेवते.