उतरेपर्यंत की असेपर्यंत? लूपची मराठी

विश्रामबाग, सांगली :
अकरावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या लूपला मराठीत कुणी आवर्तन म्हणतं, कुणी चक्र, कुणी वेटोळे. त्यातलं कोणतं घ्यावं? दुसरी अडचण जास्त मोठी. मी गणित घातलं : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४३ फूट आहे. ती इशारा पातळीच्या, म्हणजे ४० फुटांच्या, खाली उतरेपर्यंत दर तासाला पातळी छापा. व्हाइल म्हणजे पुढची अट खरी आहे तोवर लूप फिरवत राहा. निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘व्हाइल पातळी < ४०’. एरर नाही, काही नाही, पडदा कोरा. वर मलाच म्हणतात, मॅडम, ‘४० च्या खाली’ तुम्हीच सांगितलंत!

कवठेमहांकाळ :
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. आमच्याकडे आवर्तन म्हटलं की म्हैसाळ योजनेचं पाणी. ‘उन्हाळ्यात दोन आवर्तनं मिळाली पाहिजेत’ असं शेतकरी म्हणतो. म्हणजे आवर्तन ही मोजायची गोष्ट झाली. पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंतची एक खेप. अख्ख्या योजनेला कुणी आवर्तन म्हणत नाही.

मिरज :
तबल्यातही तेच. तीनतालाचं एक आवर्तन १६ मात्रांचं, आणि अशी कितीही आवर्तनं वाजतात. अथर्वशीर्षाची २१ आवर्तनंही याच हिशेबातली. तेव्हा इटरेशनला, म्हणजे लूपच्या एका फेरीला, आवर्तन म्हणा आणि लूपला लूपच राहू द्या. ‘लूपची पाच आवर्तनं झाली’ हे कानाला खटकत नाही. वेटोळे सापाकडेच बरे. मात्र मात्रा १ पासून मोजतात आणि लूपला आकडे पुरवणारं पायथनचं रेंज(१६) ० पासून १५ पर्यंत जातं. आवर्तनं १६ च होतात, पण शेवटी १६ हा आकडा दिसत नाही म्हणून पोरं रेंज(१७) करून बसतात.

कराड :
ताई, तुमची मुलं मराठी म्हणून चुकलेली नाहीत. ‘उतरेपर्यंत’मध्ये थांबायची अट असते, व्हाइलला हवी असते चालू राहायची अट. मुलांनी थांबायची अट जशीच्या तशी व्हाइलपुढे ठेवली. ४३ हे ४० पेक्षा कमी नाही, अट पहिल्याच फटक्यात खोटी ठरली आणि लूपच्या आत कुणी शिरलंच नाही. तिथे ‘पातळी >= ४०’ हवं.
यावर सगळे ‘जोपर्यंत’ शिकवतात. ‘जोपर्यंत पाणी ४० च्या खाली उतरत नाही तोपर्यंत’ हे बरोबरच आहे, पण त्यातला ‘नाही’ मुलं वाटेतच सांडतात. तो ‘नाही’ म्हणजे व्हाइलपुढचा ‘नॉट’, हे फळ्यावर बाण काढून दाखवावं लागतं.
त्यापेक्षा ‘असेपर्यंत’ वापरून बघा. उतरणे, उकळणे, संपणे ही घडून जाणारी क्रियापदं. त्यांना ‘पर्यंत’ लावलं की ते घडल्यावर थांबायचं. ‘असणे’ ही स्थिती. ‘उजेड असेपर्यंत खेळा’ म्हणजे उजेड आहे तोवर चालू. ‘पर्यंत’ तेच, अर्थ उलटा! ‘पाणी ४० किंवा त्याहून वर असेपर्यंत छापा’ असं गणित घातलंत की व्हाइल सरळ लिहिता येतो.

मिरज :
‘उतरेपर्यंत’ची सोय असलेल्या भाषाही आहेत. १९७० च्या पास्कलमध्ये ‘रिपीट… अन्टिल’ आहे, तिथे थांबायचीच अट लिहितात. फक्त अट शेवटी तपासली जाते, म्हणून पाणी आधीच ३५ फुटांवर असलं तरी एक नोंद छापली जाणारच. सी भाषेतल्या ‘डू… व्हाइल’मध्येही एक आवर्तन फुकट मिळतं, पण अट चालू राहायची. पायथनमध्ये दोन्ही नाहीत.

विश्रामबाग, सांगली :
‘असेपर्यंत’ उद्याच वापरते. एक उपप्रश्न. काही मुलं लूपच्या आत पातळी पुन्हा वाचायलाच विसरतात, मग ४३, ४३, ४३ असा पूर चालू राहतो आणि तो थांबवायला कंट्रोल-सी दाबावं लागतं. याला ‘अखंड लूप’ म्हणावं का?

कवठेमहांकाळ :
अखंड हरिनाम सप्ताहसुद्धा काल्याच्या कीर्तनानं संपतो हो. ‘न थांबणारा लूप’ म्हणा.

कराड :
आमच्या लॅबमध्ये ‘लूप लागला’ म्हणतात. सगळ्यांना कळतं.