मदत हवी आहे: प्रोटेक्शन स्पोर्टसाठी वर्किंग लाइन पिटबुल कुठे शोधू?

ढाण्या
चार महिने शोधतोय, आता वैताग आलाय. अमेरिकन पिटबुल टेरियर हवाय, वर्किंग लाइनचा, म्हणजे कामासाठी पैदास केलेला. जाहिराती उघडाव्या तर सगळीकडे निळ्या रंगाचे, परातीएवढ्या डोक्याचे आणि चार पावलांत धापा टाकणारे प्राणी. वंशावळीत चॅम्पियन आहेत म्हणतात, कशात ते विचारलं की गप्प. मला नर पिल्लू हवंय, सूट घातलेल्या माणसाला हुकमावर चावायच्या या खेळात मैदानावर टिकणारं, घट्ट पकडणारं. ब्रीडर कसा ओळखायचा आणि त्याला काय विचारायचं एवढंच सांगा. 'मॅलिनॉइस जातीचा घे' कुणी लिहू नका, ते क्लबात रोज ऐकतो.

पिंपळपार
राहता कुठे? खेळ कुठला? घरी आणखी कुत्रं आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कोकणकडा७
पिटबुलवर बंदी आली ना मध्यंतरी? २३ जातींची यादी फिरत होती.

बारा_गावचं_पाणी
देशभरात बंदी नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना परिपत्रक धाडलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. दिल्लीतही टिकलं नाही. पण धागाकर्ते 'क्लबात रोज' म्हणतायत, म्हणजे भारताबाहेरचे दिसतात.

ढाण्या
हो, डॅलसजवळ. खेळ म्हणजे प्रोटेक्शन, लिहिलंय की शीर्षकात.

पिंपळपार
शीर्षकात 'गाडी हवी' लिहिल्यासारखं झालं हे. ट्रॅक्टर की स्कूटर?

आयजीपी, म्हणजे जुनं शुट्झहुंड: त्यात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग. आधी बीएच ही परीक्षा, त्याला कुत्रा निदान १५ महिन्यांचा लागतो. आयजीपी १ ला १८ महिन्यांचा. पिटबुलवाल्यांची गाडी अडते ती बीएचमध्येच. दुसरा कुत्रा मैदानावर काम करत असताना आपल्या कुत्र्यानं निवांत पडून राहायचं असतं, आणि रस्त्यावरच्या भागात कुत्र्याला एकटं बांधून ठेवतात नि शेजारून दुसरा कुत्रा नेतात. दुसऱ्या कुत्र्यावर भडकणारा पिटबुल तिथेच बाद.

मोंडिओरिंगमध्ये माग नाही, डिकॉय (चावा अंगावर घेणारा माणूस) पूर्ण सूट घालतो, पायाचा चावा चालतो आणि मैदानावर एका वेळी एकच कुत्रा. कमी उंचीच्या पिटबुलला हे मानवतं.

पीएसए ही संघटना आणि तिचा खेळ अमेरिकेतलाच, २००१ पासूनचा. जातीची अट नाही. आधी पीडीसी ही प्रवेश परीक्षा, मग पातळी १, २, ३. वरच्या पातळीवर काय समोर येईल ते आधी सांगत नाहीत, त्यामुळे नर्व्ह (दबावात न डगमगणं) पक्के लागतात.

ढाण्या
पीएसए.

सोलापुरी_चादर
परदेशी जातीचा हट्ट कशाला? आपला कारवान बघा, मुधोळ बघा. चपळ, काटक, खर्च कमी.

फ्लर्टपोल
चादरसाहेब, कारवान नजरेनं सावज हेरून पळणारं कुत्रं. ससा दिसला की वाऱ्यासारखं सुटेल, पण सूट घातलेल्या माणसाच्या दंडाला लटकून काठीचा खडखडाट अंगावर घेणं हे त्याचं काम नव्हे. शिवाय माणूस टेक्सासात बसलाय.

@ढाण्या, आधी नावांचा गुंता सोडवा, तुमचे चार महिने त्यातच गेलेत. 'पिटबुल' या एका शब्दाखाली तीन वेगळी कुत्री विकली जातात.

यूकेसी आणि एडीबीए या अमेरिकेतल्या नोंदणी संस्था, यूकेसी १८९८ पासून आणि एडीबीए १९०९ पासून अमेरिकन पिटबुल टेरियरची नोंद ठेवतात. यूकेसीच्या मानकात नराचं वजन साधारण १६ ते २७ किलो, मादीचं साडेतेरा ते साडेबावीस. एकेसी ही आणखी एक नोंदणी संस्था ही जात मानत नाही, तिथे १९३६ पासून अ‍ॅमस्टाफ आहे. म्हणजे अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर; मूळ रक्त तेच, पण पुढच्या पिढ्या शोच्या. तिसरा अमेरिकन बुली, ज्याला यूकेसीनं २०१३ मध्ये वेगळी जात म्हणून मान्यता दिली. तुम्हाला जाहिरातीत दिसतात ते बहुतेक हेच, कागद मात्र पुष्कळदा पिटबुलचे.

तेव्हा पहिला प्रश्न: आईबापांचं वजन किती? ३५ किलोच्या पुढे आकडा आला की फोन ठेवा. दुसरा प्रश्न रंगाचा. 'मर्ल' (चट्ट्यापट्ट्यांचा रंग) म्हणाले तरी फोन ठेवा. यूकेसीच्या मानकात मर्ल बाद आहे, तो रंग बाहेरच्या रक्तातून आलेला. आणि 'निळा, दुर्मिळ' म्हणून भाव वाढवणारा माणूस काम बघून जोड्या लावत नसतो.

रानजाई
विकत कशाला घ्यायचा? टेक्सासच्या शेल्टरांत पिटबुल खच्चून भरलेत. दीड वर्षाचा, टगवर (ओढाओढीच्या खेळण्यावर) जीव टाकणारा कुत्रा तिथेच मिळेल. दोन जीव वाचतील, त्याचा आणि त्याच्यामागे जागा मिळालेल्याचा.

पिंपळपार
पाळायला उत्तम. खेळाला घ्यायचा तर दोन गोष्टी पाहा. काही शेल्टरांच्या करारातच चाव्याचं प्रशिक्षण देणार नाही अशी अट असते, सही करण्याआधी वाचा. दुसरं, मागचा इतिहास नसतो. पिंजऱ्यात थकलेला कुत्रा शांत दिसतो, घरी आल्यावर तीन आठवड्यांनी खरा कळतो.

रानजाई
मग ब्रीडरकडच्या पिल्लाचा इतिहास काय, आठ आठवड्यांचा! त्यापेक्षा मोठा कुत्रा समोर तरी दिसतो.

पिंपळपार
एवढ्यापुरतं सहमत. किंबहुना माझं म्हणणं तेच आहे: @ढाण्या, 'नर पिल्लूच' हा हट्ट सोडा. आठ आठवड्यांच्या पिल्लात फडक्यामागे धावणं दिसतं, डबा पडल्यावर दचकून किती सेकंदांत परत येतं ते दिसतं, बस. या जातीचा दुसऱ्या कुत्र्यांबद्दलचा स्वभाव एक ते तीन वर्षांच्या दरम्यान बदलतो. पिल्लांच्या गोतावळ्यात खेळणारं बाळ दोन वर्षांचं झाल्यावर मैदानाच्या कडेला बांधलेल्या कुत्र्यावर झेपावेल का, हे कुठलीही चाचणी सांगत नाही.

१२ ते १८ महिन्यांचा, प्राथमिक काम झालेला घ्या. आणि तुमच्या डिकॉयसमोर, त्यानं कधी न पाहिलेल्या मैदानावर उभा करा.

ढाण्या
उभा केल्यावर काय बघायचं? 'ड्राइव्ह (कामाची ओढ) बघा' सगळेच म्हणतात.

फ्लर्टपोल
टग उंच गवतात फेका आणि न दिसता शोधू द्या. अर्ध्या मिनिटात सोडून मालकाकडे आला तर नको. गुळगुळीत फरशी, लोखंडी जाळीच्या पायऱ्या, पत्र्यावर पडणारी काठी: दचकला तरी चालेल, पुन्हा त्याच जागी जातो का ते महत्त्वाचं.

मग चावा. डिकॉयनं स्लीव्ह (हातावरचं जाड आवरण) दिल्यावर मागे सरायचं नाही, पुढे यायचं, अंगावर झुकायचं, डोळ्यात बघायचं. जबड्याकडे लक्ष ठेवा. बरा कुत्रा दबाव आला की आणखी आत भरतो, स्लीव्ह दाढांपर्यंत जाते. कच्चा कुत्रा घसरत पुढच्या दातांवर येतो, डोळे मालकाला शोधतात. पिटबुलमध्ये पकड बहुतेक वेळा छान असते, तिच्यावर भाळू नका. ती जातीनं फुकट दिलेली आहे. स्लीव्ह काढून जमिनीवर टाकल्यावर तो स्लीव्हला कवटाळून बसतो की माणसाकडे बघतो, यात खरा फरक.

पिंपळपार
यात भर. माणसावर गुरगुरणारा, संशयी पिटबुल शोधू नका. ब्रीडर कौतुकानं म्हणाला की 'हा परक्याला जवळ फिरकू देत नाही', तर ते दोष सांगतोय. यूकेसीचं मानकच म्हणतं की हे कुत्रं परक्यांशीही फार मैत्रीनं वागतं, म्हणून राखणीला उत्तम निवड नव्हे. मैदानावर तो लढतो तो सावजाच्या नि खेळाच्या ओढीनं. भीतीपोटी चावणारा पिटबुल खेळात टिकत नाही आणि घरात धोक्याचा.

रानजाई
आणि 'गेमब्रेड' (झुंजीच्या रक्ताचा) लिहिणाऱ्यांपासून लांब राहा. झुंजी लावणं अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गंभीर गुन्हा आहे.

फ्लर्टपोल
सगळ्याच जुन्या रक्ताचे लोक झुंजी लावत नाहीत हो. कोल्बी या जुन्या ब्रीडर घराण्याचं रक्त १८८९ पासून चालत आलंय, आज ते घरात सोफ्यावर बसतं. पण एक खरं, वंशावळीतलं 'आरओएम' हे बिरूद पूर्वजाच्या पिल्लांनी मिळवलेल्या विजयांवरून लावतात, आणि ते विजय कसले ते वेगळं सांगायला नको. त्यावरून सूट चावेल की नाही काही कळत नाही. कागद बघायचेच तर आईबापांच्या नावापुढचे किताब बघा: बीएच, आयजीपी, पीडीसी. वेट पुलचा (वजन ओढण्याच्या स्पर्धेचा) किताब असला तर कष्टाळू आहे एवढंच समजा. न कापलेला व्हिडिओ मागा, परक्या मैदानावरचा, ज्यात आई किंवा बाप चावा सोडतानाही दिसेल. सोडण्याचा भाग कापलेला असेल तर कारण उघड आहे.

गोचीडभाऊ
पशुवैद्यकातला आहे, म्हणून तब्येतीपुरतं. बॅबेसिया गिब्सोनाय. अमेरिकेत हा रक्तातला परजीवी मुख्यतः पिटबुलमध्ये सापडतो. गोचिडीपेक्षा कुत्र्या-कुत्र्याच्या चाव्यातून पसरतो, आणि आईकडून पोटातल्या पिल्लांना होतो. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, प्लेटलेट कमी असतात, कष्ट पडले किंवा नसबंदीचं ऑपरेशन झालं की उफाळतो. व्यवहाराआधी पीसीआर चाचणी करून घ्या, रक्ताची नुसती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघून भागत नाही. उपचार अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन दहा दिवस, स्वस्त नाही.

अ‍ॅमस्टाफचं रक्त मिसळलं असेल तर एनसीएल-ए ही जनुकीय चाचणी विचारा. तोल जाण्याचा आजार, लक्षणं सहसा तीन ते पाच वर्षांच्या वयात दिसतात, म्हणजे नेमका प्रशिक्षणाचा खर्च संपल्यावर. नितंबाच्या सांध्याचा ओएफए या संस्थेचा पक्का निकाल २४ महिन्यांनंतरच मिळतो, पेनहिप ही एक्स-रे तपासणी मात्र १६ आठवड्यांपासून करता येतं. तुम्ही घेताय तो लहान असेल तर आईबापांचा निकाल मागा. ओएफएच्या संकेतस्थळावर नोंदणीच्या नावानं फुकट शोधता येतं.

ढाण्या
हे कामाचं आहे. एक सांगायचं राहिलं, घरी लॅब आहे, नर, पाच वर्षांचा. आणि सध्या अपार्टमेंटमध्ये आहोत. फरक पडत नाही ना?

पिंपळपार
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं!!

फरक पडतो. प्रौढ नर पिटबुल आणि प्रौढ नर लॅब एका छताखाली: वर्षभर ठीक, मग एक दिवस खाण्यावरून नाहीतर दारातून आधी कोण जाणार यावरून. आणि लॅबला भांडण थांबवायचं असतं तेव्हा पिटबुलला नसतं. मादी घ्या. तरीही क्रेट (पिंजरे) वेगळे, खाणं वेगळं, तुम्ही घरी नसाल तेव्हा दोघं कधीच एकत्र मोकळे नाहीत. जमणार नसेल तर हा विषय इथेच सोडा.

बारा_गावचं_पाणी
टेक्सासच्या राज्य कायद्यानुसार शहरांना जातीवर बंदी घालता येत नाही. पण घरमालकाला आणि विमा कंपनीला येते. लीजमधली जातींची यादी वाचा, अ‍ॅमस्टाफही बहुधा त्यातच असतो. 'लॅब मिक्स' म्हणून नोंदवायचा सल्ला क्लबात कुणी देईल, ऐकू नका. चावा झाला तर तीच खोटी नोंद अंगाशी येईल.

फ्लर्टपोल
दोन कुत्री म्हणजे ब्रेक स्टिक (जबडा उघडायची काठी) घरात हवीच. हातोड्याच्या दांड्यासारखं कठीण लाकूड, एक टोक पाचरीसारखं निमुळतं. भांडणात पिटबुलच्या पाठीवर दोन्हीकडे पाय टाकून मांड्यांनी बरगड्यांमागे आवळायचं, डाव्या हातानं गळ्यातला पट्टा वर धरायचा, उजव्यानं काठी सुळ्यामागच्या फटीतून दाढांकडे सरकवायची आणि मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर पिळतात तशी पिळायची. ओढायचं नाही, ओढलं की कातडी फाटते.

गोचीडभाऊ
लॅबवर हे करू नका. पिटबुल धरलेलं सोडत नाही, म्हणून हात वाचतो. बाकी जातींची कुत्री सोडून पुन्हा चावतात, तेव्हा तुमचाच पंजा मध्ये येतो. लॅबला दुसऱ्या माणसानं मागच्या पायांनी उचलून धरायचं.

पिंपळपार
आणि 'आउट' (सोडण्याची आज्ञा) पहिल्या महिन्यापासून. मेलेला टग मांडीला चिकटवून धरायचा, हलवायचा नाही, सोडला की लगेच परत चावायला द्यायचा.

फ्लर्टपोल
मॅलिनॉइसला चालतं. पिटबुल मेलेल्या टगलाही दहा मिनिटं आनंदानं लटकून राहील, तुमचा हात आधी भरून येईल. गळ्यातला पट्टा सरळ वर उचलून धरा, धक्का नाही, फक्त वर. जबडा सुटला त्याच क्षणी पुन्हा चावायला द्या. दोन शाळा आहेत, मला माहितीय, तरी सांगतोय.

पिंपळपार
आणि वर उचलल्यावर पकड आणखी आवळायला शिकला तर? नंतर तीच सवय मोडायला सहा महिने.

फ्लर्टपोल
उचलून झटका दिला तरच. झटका देऊ नका म्हटलंय.

गोचीडभाऊ
भांडा, पण टेक्सासात पहाटे भांडा. हा कुत्रा उन्हात स्वतःहून थांबत नाही. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसवर गेलं की काम बंद, ४१ म्हणजे पाणी ओतत, पंखा लावत दवाखाना.

ढाण्या
आज एक जाहिरात आलीय. सात आठवड्यांची पिल्लं, मर्ल, आजोबा 'आरओएम'. आईचा व्हिडिओ मागितला तर म्हणाला तिला पट्ट्यावर चालायची सवय नाही.

फ्लर्टपोल
एका ओळीत तिन्ही उत्तरं दिलीत की त्यानं.

ढाण्या
बरं, नाही घेत. क्लबात एकाकडे चौदा महिन्यांची मादी आहे, यूकेसीची, एकवीस किलो. तो पीएसए सोडून आयजीपीकडे चाललाय आणि ती भुंकत नाही म्हणून विकतोय. नर हवा म्हणून बघितलीच नव्हती.

पिंपळपार
आयजीपीत लपलेल्या हेल्परसमोर (तिथला डिकॉय) उभं राहून भुंकावं लागतं, पिटबुल तिथे मुका होतो हे नेहमीचंच. पीएसएला तुमचं फारसं बिघडत नाही. बॅबेसियाची चाचणी करा आणि तुमच्या डिकॉयकडून दोनदा बघून घ्या, एकदा त्यांच्या मैदानावर, एकदा परक्या. आणि दहा मीटरवरून लॅब चालवून न्या, ती काय करते ते बघा.

कोकणकडा७
अवांतर: लॅबचं वजन किती असावं? आमचा जिना चढत नाही हल्ली.

ढाण्या
आमचा ३९ किलो आहे.

गोचीडभाऊ
दोघांच्याही लॅबचे वरच्या बाजूनं घेतलेले फोटो इथे द्या. कंबर दिसायला हवी. धागाकर्त्यांचा लॅब आधी चौतीस किलोवर आणा, मग मादीचं बघू.