मदत हवी आहे: ऑपरेशननंतर बाबांचं अल्ब्युमिन घसरलं, कोणती पावडर देऊ?

रामटेकची_पोर: बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आजच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.६, सीआरपी (सुजेचा आकडा म्हणे) १४०, दोन्हींपुढे बाण. ऑपरेशनआधी अल्ब्युमिन ३.९ होतं. डॉक्टर राउंडला आले, "अपेक्षित आहे" म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले. एवढं प्रोटीन गेलं कुठे? कॅन्सर राहिला का आत? पावडर कोणती आणू? लवकर सांगा, ज्ञान नको.

इतवारीवाला: काहून पावडरच्या मागं लागता बाप्पा! उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग द्या. आमच्या मामांना तेच दिलं, उठून बसले.

फाईलवाली_ताई: ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? तोंडाने काही सुरू आहे का? किडनीचा त्रास?

रामटेकची_पोर: अंडं आमच्यात चालत नाही. कालपासून नारळपाणी, वरणाचं पाणी. किडनी ठीक, शुगर आहे.

वर्धारोड: जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला आहात का? खापरीपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. पार्किंगच्या भानगडीत पडू नका.

रामटेकची_पोर: धंतोलीत आहोत. प्रश्न वेगळा आहे हो.

बिनधास्त_७१: अल्ब्युमिनची बाटली चढवायला सांगा. माझ्या काकांना दिली होती. महाग आहे, पण आकडा लगेच वर.

लॅबमधला_भाऊ: आकडा वर जातो आणि पुन्हा उतरतो, बिल तेवढं राहतं. बाटली कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील, आपण मागणी करायची नसते. ताई, प्रोटीन कुठे "गेलं" नाही. मोठ्या ऑपरेशननंतर सूज येते, रक्तवाहिन्यांतून अल्ब्युमिन बाहेर पाझरतं, सलाइनने रक्त पातळ होतं, आणि लिव्हर काही दिवस अल्ब्युमिन मागे ठेवून सीआरपी, फायब्रिनोजेन ही सुजेच्या वेळची प्रोटीनं बनवण्यात गुंततं. अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य, म्हणजे असलेलं निम्मं संपायला लागणारा वेळ, साधारण ३ आठवडे. आज पावडर पाजून उद्याचा रिपोर्ट सुधारणार नाही. आज कितवा दिवस, आणि कालचा सीआरपी?

रामटेकची_पोर: चौथा. काल १९०. मिलिग्रॅम पर लिटर लिहिलंय.

लॅबमधला_भाऊ: हे आधी सांगायचं ना! सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असतो, मग उतरायला हवा. तुमचा उतरतोय. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही १५०च्या वर अडला किंवा उलटा चढला, सोबत ताप, जोरात नाडी, पोट फुगणं असेल, तर आतड्याचा जोड गळतोय का हे सर्जन तपासतात. तसं काही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका, लगेच सिस्टरला सांगा.

बिनधास्त_७१: मग माझे काका काय उगाच बरे झाले?

फाईलवाली_ताई: काकांचं राहू द्या. पोरी, कॅन्सर राहिला का हे अल्ब्युमिनवरून कळत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट येईल, त्यात कळेल. सीईए हे वेगळं प्रोटीन, या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकतं. ऑपरेशनआधी केलेलं का? आधी वाढलेलं असेल तर गाठ पूर्ण निघाल्यावर ते ४ ते ६ आठवड्यांत उतरतं. आत्ता करून उपयोग नाही. बाबा सिगारेट ओढतात का? त्यानेही थोडं वाढतं.

इतवारीवाला: महात्मा फुले योजनेचं कार्ड दाखवलं का? आणि घरी गेल्यावर सावजी बंद म्हणा.

रामटेकची_पोर: फाईलमध्ये सीईए १२ सापडलं. सिगारेट नाही, खर्रा होता. ताप नाही, दुपारी गॅस सरला. डायटिशियन संध्याकाळी येणार म्हणे. पावडरचं मात्र कुणीच नाही सांगितलं.

इतवारीवाला: पनीर चालतं का?